पाच पाकळ्यांचे विकर

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगले, की खालच्या पातेल्यात पाणी ठिबकत राहते. हे पाणी बहुतेक घरांत ओतून देतात. पुढच्या वेळी ते काचेच्या पेल्यात घ्या आणि खिडकीजवळ उजेडात धरून पाहा. त्यात हिरवट पिवळी झाक दिसेल. १८७९ साली ब्लिथ नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने या रंगाकडे प्रथम लक्ष वेधले. पुढे चोपन्न वर्षांनी, म्हणजे १९३३ साली, जर्मनीत रिचर्ड कून व त्याच्या सहकाऱ्यांनी तो पिवळा पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. तोच रायबोफ्लेविन, अर्थात ब-२ जीवनसत्त्व. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते ती याच्याचमुळे. घाबरण्याचे काही कारण नसते.

आपल्याला हे जीवनसत्त्व रोज फार थोडे, सुमारे दोन मिलिग्रॅम लागते. तेवढेही मिळाले नाही तर ओठांचे कोपरे फाटतात, जीभ लाल होऊन दुखते. आपल्या पेशींत अन्नापासून ऊर्जा मिळवण्याचे जे काम अहोरात्र चालते, त्यात या पिवळ्या रेणूचा हात असतो. असे असूनही आपले शरीर तो रेणू तयार करू शकत नाही. दूध, अंडी, डाळी, पालेभाज्या यांतून तो आयता घ्यावा लागतो. गाईगुरांनाही तो स्वतः करता येत नाही; त्यांच्या पोटातील सूक्ष्मजीव तो करतात.

बुरशी मात्र तो स्वतः करते! ज्या यीस्टने पाव फुगतो ते यीस्ट करते, आणि ज्या यीस्टमुळे माणूस आजारी पडतो तेही करते. आपण जे करत नाही ते रोगजंतू करतो, हा फरक औषध शोधणाऱ्याच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. तो का, हे कळण्यासाठी आधी थोडे आपल्या आणि बुरशीच्या नात्याविषयी बोलायला हवे.

लांबचे नातेवाईक

बुरशी म्हटले की आपल्याला वनस्पती आठवते. नाशिककडच्या विद्यार्थ्यांना तर द्राक्षाच्या घडावरची भुरी लगेच डोळ्यांपुढे येईल. परंतु वंशावळ मांडली तर बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची ठरते. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी दोघांचा पूर्वज एकच होता. बुरशीच्या पेशीत आपल्यासारखेच केंद्रक असते, आपल्यासारखीच ऊर्जा-केंद्रे असतात, प्रथिने तयार करण्याची रीतही बरीचशी आपल्यासारखी असते.

जीवाणूंचे तसे नाही. त्यांच्या पेशीभोवती एक विशिष्ट भिंत असते, ती आपल्या पेशींना मुळीच नसते. पेनिसिलिन नेमके या भिंतीचे बांधकाम अडवते. जीवाणू मरतो, आपल्याला काही होत नाही. बुरशीच्या बाबतीत असे घाव घालण्याजोगे ठिकाण सापडणे कठीण. तिला मारायला जावे तर आपल्याच पेशींना इजा होण्याची धास्ती! म्हणूनच जीवाणूंवर डझनावारी प्रकारची औषधे आहेत आणि शरीराच्या आत शिरलेल्या बुरशीवर मोजून चार-पाच प्रकारची.

याचा अनुभव महाराष्ट्राने २०२१ साली घेतला. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे, म्हणजे ज्याला वर्तमानपत्रांनी 'काळी बुरशी' म्हटले त्या रोगाचे, रुग्ण गावोगाव आढळू लागले. त्यावरचे प्रमुख औषध ॲम्फोटेरिसिन-बी. त्याच्या कुप्या मिळेनात, आणि रुग्णांचे नातेवाईक चिठ्ठी घेऊन एका शहरातून दुसऱ्या शहरात धावत होते. हे औषध बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल या पदार्थाला चिकटते व पेशी गळकी करते. आपल्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल नसते. परंतु त्याचे भावंड, कोलेस्टेरॉल, असते. औषधाची थोडी गफलत होते आणि मूत्रपिंडांना त्रास पोचतो.

याच जातीचे एक औषध आपल्या पिंपरीत सापडले होते, ही गोष्ट आज फारशी कोणाला ठाऊक नाही. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले, पण तेवढ्यावर तेथील शास्त्रज्ञ थांबले नाहीत. डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील सूक्ष्मजीव तपासण्याचे काम चिकाटीने चालवले. त्यांतील एका सूक्ष्मजीवाला त्यांनी पिंपरीवरून 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे नाव दिले. त्याच्यापासून मिळालेल्या बुरशीनाशक प्रतिजैविकाचे नाव हॅमायसिन. त्यातील पहिली अक्षरे कारखान्याच्या नावातली आहेत. १९६१ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. तोंड येणे, कातडीवरचे बुरशीचे विकार यांवर ते उपयोगी पडले. भारतात शोधलेल्या सुरुवातीच्या प्रतिजैविकांत त्याची गणना होते. माझ्या मते शालेय पुस्तकात या शोधाला दोन ओळी तरी मिळायला हव्यात.

पण हॅमायसिन असो की ॲम्फोटेरिसिन, रीत एकच: माती गोळा करायची, त्यातले सूक्ष्मजीव वाढवायचे, आणि कोणाचा रस बुरशीला मारतो ते पाहायचे. दुसरी रीत उलट्या टोकाने सुरू होते. बुरशीचे असे कोणते यंत्र आहे की जे आपल्याजवळ नाही, ते आधी शोधायचे. त्या यंत्राचा आकार पाहायचा. मग त्यात अडकेल अशी पाचर घडवायची.

जीवनसत्त्वाच्या बाबतीत ही युक्ती चालते याचा पुरावा आपल्याजवळ आधीपासून आहे. सल्फा औषधे १९३५ च्या सुमारास वापरात आली. ती जीवाणूंचे फोलिक अम्ल तयार करणारे विकर बंद पाडतात. कुष्ठरोगावरील डॅप्सोनही तेच करते. आपण फोलिक अम्ल जेवणातून घेतो, म्हणून आपले ते यंत्र बंद पडण्याचा प्रश्नच येत नाही. जे फोलिक अम्लाबाबत जमले ते रायबोफ्लेविनबाबत का जमू नये?

दुसरे कडे जोडणारा कारागीर

आता आपला रोगजंतू पाहू. कँडिडा ग्लाब्राटा हे एक यीस्ट आहे. शास्त्रज्ञांनी अलीकडे त्याचे नाव बदलून नाकासिओमायसिस ग्लाब्राटस असे केले आहे, पण आपण जुनेच नाव वापरू. आपल्या पावाच्या यीस्टचे ते जवळचे भाऊबंद आहे. पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडात व आतड्यात ते निमूटपणे राहते. परंतु मोठी शस्त्रक्रिया झालेला, मधुमेहाने खंगलेला किंवा कर्करोगाची औषधे घेणारा रुग्ण असला, की ते रक्तात शिरते आणि मग जिवावर बेतते. नेहमीचे फ्लुकोनॅझोल हे औषध त्याला पुरेसे लागू पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली धोकादायक बुरशींची जी १९ नावांची यादी काढली, तीत हे नाव वरून दुसऱ्या गटात आहे.

रायबोफ्लेविनच्या रेणूत तीन कडी एकाला एक जोडलेली असतात. यीस्ट ती एकदम करत नाही. आधी एक कडे असलेला रेणू तयार होतो. त्याला चार कार्बन अणूंचा एक तुकडा जोडून दुसरे कडे बनवले जाते. या दोन कड्यांच्या रेणूला ल्युमाझिन म्हणतात. शेवटच्या पायरीची तर मोठी गंमत आहे. दोन ल्युमाझिन समोरासमोर येतात आणि एक आपला चार कार्बनांचा तुकडा दुसऱ्याला देऊन टाकतो. घेणारा तीन कड्यांचा होतो, म्हणजेच रायबोफ्लेविन. देणारा पुन्हा एका कड्याचा होऊन मागच्या पायरीवर परत जातो. काही वाया जात नाही!

दुसरे कडे जोडणारा जो कारागीर, त्याचे नाव ल्युमाझिन सिंथेज. हे एक विकर आहे. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. आपण त्याला सर्रास एन्झाइम म्हणतो. हा कारागीर आपल्या शरीरात नाही. त्याला थांबवले तर यीस्टचा ब-२ चा कारखाना बंद पडेल. पण थांबवायचे तर त्याचे हात कोठे आहेत हे दिसले पाहिजे.

आणि येथे माझ्यासारख्या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाचे काम सुरू होते.

न दिसणारे पाहणे

सूक्ष्मदर्शकाने ते का दिसत नाही? उजेडाच्या लाटांची लांबी ४,००० ते ७,००० आँगस्ट्रॉम असते. एक आँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. प्रथिनातील शेजारशेजारच्या दोन कार्बन अणूंमधील अंतर आहे दीड आँगस्ट्रॉम. समुद्राच्या लाटेला किनाऱ्यावरील वाळूचा एक कण जाणवत नाही, तशीच उजेडाच्या लाटेला अणूची दखल नसते. लाट अणूएवढी आखूड हवी. अशी लाट म्हणजे क्ष-किरण. पण क्ष-किरणांना वाकवून प्रतिमा जुळवील असे भिंग करता येत नाही. मग काय करायचे?

रात्री एक प्रयोग करा. दूरच्या एखाद्या दिव्याकडे छत्रीच्या कापडातून पाहा. स्टेशनच्या फलाटाच्या टोकावरचा एकुटा दिवा असला तर उत्तम. (रुळांजवळ मात्र जाऊ नका.) एका दिव्याऐवजी चौकटीत मांडलेले ठिपकेच ठिपके दिसतील. कापडाच्या उभ्याआडव्या धाग्यांतून येताना उजेडाच्या लाटा एकमेकींत मिसळतात. काही दिशांना एकमेकींना जोर देतात, काही दिशांना एकमेकींना पुसून टाकतात. याला विवर्तन म्हणतात. दोन धाग्यांत एक पंचमांश मिलिमीटर अंतर धरा. पिवळ्या उजेडाची लाट ०.०००५५ मिलिमीटर. या दोहोंचे गुणोत्तर काढले तर १०० मीटरवरच्या दिव्याशेजारी पहिला ठिपका सुमारे २७ सेंटिमीटर बाजूला दिसायला हवा. आता दुप्पट तलम कापड घ्या. ठिपके दुप्पट लांब जातील. म्हणजे धागे न पाहता नुसत्या ठिपक्यांवरून कापडाची वीण सांगता येते. माझे विद्यार्थी परीक्षेत विवर्तनाचे सूत्र बिनचूक लिहितात, पण छत्री उघडून दिव्याकडे पाहिलेले फार थोडे असतात.

१९१२ साली जर्मनीत माक्स फॉन लौएच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडण्यात आले आणि फिल्मवर असेच ठिपके उमटले. स्फटिक म्हणजे अणूंनी विणलेले कापडच. पुढच्याच वर्षी ब्रॅग पितापुत्रांनी ठिपक्यांवरून मिठाच्या स्फटिकातील अणूंची मांडणी सांगितली. मिठावरून प्रथिनापर्यंत पोचायला मात्र जवळजवळ पन्नास वर्षे लागली. १९६० साली केंड्र्यूने स्नायूतील मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना अणूंच्या तपशिलापर्यंत उलगडली.

प्रथिनाचा स्फटिक मिळवणे हीच निम्मी लढाई असते. खडीसाखर कशी करतात? पाक घट्ट करून दोऱ्यावर सावकाश जमू देतात. घाई केली की नुसती भुकटी. प्रथिनाचेही तसेच. त्याच्या द्रावणाचा एक थेंब काचेच्या चकतीला खालून टांगतात आणि बंद कुपीत त्यातील पाणी हळूहळू उडू देतात. क्षार किती, आम्लता किती, तापमान किती, हे बदलत शेकडो थेंब लावावे लागतात. त्यांतून एखाद्यात मिलिमीटरच्या दशांशाएवढा चकचकीत खडा दिसला की प्रयोगशाळेत पेढे वाटावेत असा आनंद होतो.

या खड्यात एकाच प्रथिनाचे रेणू शंभरेक आँगस्ट्रॉमच्या अंतराने पुन्हा पुन्हा मांडलेले असतात. एक आँगस्ट्रॉमचे क्ष-किरण सोडले आणि २० सेंटिमीटरवर त्यांची नोंद घेणारा पडदा ठेवला, तर शेजारच्या ठिपक्यांत साधारण २ मिलिमीटर अंतर पडते. छत्रीचेच गणित! आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ढोबळ आकाराची माहिती पडद्याच्या मध्याजवळच्या ठिपक्यांत असते, बारीक तपशील कडेच्या ठिपक्यांत. सव्वादोन आँगस्ट्रॉमचा तपशील हवा असेल तर सुमारे २६ अंशांतून वळलेले किरण टिपावे लागतात. ते मध्यापासून साडेनऊ सेंटिमीटर दूर पडतात आणि अतिशय मंद असतात. त्यासाठी झगझगीत क्ष-किरण लागतात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-२' नावाचे सुमारे १७२ मीटर परिघाचे कडे आहे. त्यात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन वळणावर असे किरण फेकतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने तेथे खास प्रथिनांच्या स्फटिकांसाठी एक किरणवाहिनी उभारली आहे.

एक अडचण उरतेच. ठिपक्याच्या तेजावरून लाटेची उंची कळते, पण ती लाट त्या क्षणी शिखरावर होती की खळग्यात, हे पडद्यावर नोंदले जात नाही. त्याशिवाय चित्र जुळत नाही. अशा वेळी भाऊबंद उपयोगी पडतात. पावाच्या यीस्टमधील ल्युमाझिन सिंथेजची रचना २००० साली प्रसिद्ध झाली होती, कँडिडा अल्बिकन्स या दुसऱ्या रोगकारक यीस्टमधील २००७ साली. ज्या विकराची रचना ठाऊक आहे ती तात्पुरती खरी मानायची, तिच्यावरून लाटांचा हिशेब करायचा, आणि प्रत्यक्ष ठिपक्यांशी ताळा जमेपर्यंत दुरुस्त करत जायचे. अलीकडे संगणक प्रथिनाच्या घड्यांचा अंदाज फार चांगला करू लागले आहेत. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक काही अंशी त्यासाठीच दिले गेले. पण एखादा लहान रेणू आत नेमका कसा बसला आहे, हे सांगताना अजून स्फटिकाचीच साक्ष काढावी लागते.

काय दिसले

कँडिडा ग्लाब्राटातील ल्युमाझिन सिंथेजची रचना न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केली. तपशील सव्वादोन आँगस्ट्रॉमच्या आसपासचा. दिसले ते असे: सदाफुलीच्या पाच पाकळ्यांप्रमाणे पाच सारख्या साखळ्या एका अक्षाभोवती मांडलेल्या. प्रत्येक साखळीत दीडशेच्या वर ॲमिनो अम्ले, आणि हायड्रोजन सोडला तरी हजाराहून अधिक अणू.

आता कारागिराचे हात कोठे? ते पाकळीत नाहीत, तर दोन पाकळ्या जेथे टेकतात त्या खाचेत आहेत. म्हणजे काम करण्याची जागा शेजाऱ्याशेजाऱ्यांनी मिळून केलेली असते. एकटी पाकळी निरुपयोगी. पाच पाकळ्यांच्या फुलात पाच खाचा. शिवाय या स्फटिकात खाच रिकामी नव्हती. तयार झालेले ल्युमाझिन तेथेच अडकून राहिले होते! साच्यात माल असतानाच साचा पाहायला मिळाला, त्यामुळे कोणता अणू कोणाला धरून आहे हे थेट मोजता आले. पाचर घडवणाऱ्याला यापेक्षा चांगले माप कोणते मिळणार?

निसर्गाची एक लहर येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. बॅसिलस सबटिलिस या जीवाणूत हीच पाच पाकळ्यांची फुले असतात, पण तेथे बारा फुले जुळून साठ साखळ्यांचा एक पोकळ गोल होतो. फुटबॉलवर काळे पंचकोन बाराच असतात, हे मोजून पाहा. यीस्टमध्ये मात्र फूल सुटेच राहते.

तुमच्यातील चिकित्सक विद्यार्थी आता विचारील: कारखाना बंद केला तरी यीस्ट आपल्या रक्तातून आयते जीवनसत्त्व चोरणार नाही का? शंका अगदी रास्त आहे. पावाच्या यीस्टजवळ रायबोफ्लेविन बाहेरून आत घेणारे दार असते. परंतु आपल्या रक्तात हे जीवनसत्त्व फारच विरळ असते. हिस्टोप्लाझ्मा नावाची एक बुरशी आहे, ती शरीरात यीस्टच्या रूपाने वाढते. तिची रायबोफ्लेविन करण्याची क्षमता काढून घेऊन ती उंदरांना टोचली, तेव्हा तिचा रोग पसरवण्याचा जोर ओसरला, असे २०१४ साली दिसून आले. निदान तिला तरी चोरीवर भागवता आले नाही. ग्लाब्राटाच्या बाबतीत मात्र हे वेगळे पडताळावे लागेल, कारण एका बुरशीची सवय दुसरीला असतेच असे नाही. आणि या विकराला अडवणारे औषध अजून दुकानात आलेले नाही. अडवणारे रेणू प्रयोगशाळांत तयार झाले आहेत. परंतु उघड्या विकराला अडवणे वेगळे आणि यीस्टची जाड भिंत ओलांडून आत जाऊन अडवणे वेगळे.

म्हणून नव्या पाचरींचा शोध चालू आहे, आणि त्यासाठी वापरलेली एक युक्ती पदार्थविज्ञानातली आहे. रायबोफ्लेविनवर जंबुपार किरण पाडले की ते हिरवट पिवळे चमकते. या गुणाला अनुस्फुरण म्हणतात. आमच्या नाशिक रोडच्या नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. आजच्या नोटेवरील क्रमांक जंबुपार दिव्याखाली असेच उजळतात. दुकानदाराच्या त्या दिव्याखाली कधी बी-कॉम्प्लेक्सची गोळी पाण्यात विरघळवून धरून पाहा. दिव्याकडे थेट पाहू नका.

आता युक्ती अशी. पोंबे नावाचे एक यीस्ट आहे. त्याच्या ल्युमाझिन सिंथेजच्या खाचेत रायबोफ्लेविन स्वतःही जाऊन बसते, आणि तेथे बसले की त्याची चमक विझते. अशा विझलेल्या मिश्रणाचे थेंब ताटलीच्या शेकडो खळग्यांत घालायचे, प्रत्येकात एक वेगळे रसायन टाकायचे आणि जंबुपार दिवा लावायचा. बहुतेक खळगे काळेच राहतात. एखाद्या रसायनाने रायबोफ्लेविनला खाचेतून बाहेर ढकलले आणि ती जागा स्वतः बळकावली, तर तो खळगा उजळतो. २००५ साली ही चाचणी प्रसिद्ध झाली. उजळलेल्या खळग्यातील रसायन मग पुन्हा विकराबरोबर थेंबात टांगले जाते, आणि स्फटिक धरण्याची वाट पाहणे सुरू होते.